अंदाज आधी, मोजमाप नंतर : सांगलीतल्या घरांसाठी विज्ञान आणि गणिताचे काही प्रयोग

मुलांना घरी विज्ञानाचे काही करून दाखवावे असे पुष्कळ पालकांना वाटते, आणि बहुतेकांची सुरुवात खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढण्याने होते. फेस येतो, मुले टाळ्या वाजवतात, ओटा पुसावा लागतो आणि कार्यक्रम संपतो. अशा गमतीला माझा विरोध नाही. मात्र काय होईल याचा अंदाज कोणी आधी बांधलेला नसतो आणि जे झाले ते कोणी मोजलेलेही नसते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यातले काहीच उरत नाही. पुढे दिलेले प्रयोग साधारण तिसरी ते आठवीच्या मुलांना घरच्यांबरोबर करता येतील असे आहेत. त्यांना लागणारे सामान स्वयंपाकघरात, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात किंवा गच्चीवर मिळते, आणि बहुतेकांचा धागा आपल्या सांगलीच्या मातीशी, पिकांशी व नदीशी जुळलेला आहे.

सर्वांत आधी वही घ्यावी. गणिताची चौकटींची शंभर पानी वही उत्तम, कारण पुढे तिच्यातच आलेख काढता येतात. प्रत्येक पानावर अंदाज, माप आणि फरक असे तीन रकाने आखावेत, आणि अंदाज पेननेच लिहावा म्हणजे तो नंतर गुपचूप खोडता येत नाही. घरात दोन मुले असतील तर धाकट्याचा अंदाज आधी लिहून घ्यावा. उलट क्रम ठेवल्यास धाकटे मूल ताईचे किंवा दादाचेच उत्तर पुन्हा सांगते. मोठ्यांनीही आपला अंदाज त्याच पानावर लिहावा आणि तो चुकला तर चुकलेलाच राहू द्यावा. पहिल्या काही रविवारी मी स्वतः हा नियम पाळला नाही आणि प्रत्येक वेळी उत्तर आधीच सांगून बसलो. मुलांनी मग माप घेताना माझे उत्तर बरोबर ठरेल असेच आकडे वाचले.

दोरा आणि नट

पहिल्या दिवसासाठी लंबक सोयीचा, कारण त्यात सांडण्यासारखे काही नाही. दाराच्या चौकटीवर एक खिळा ठोकावा, न ताणला जाणारा दोरा घेऊन त्याच्या टोकाला लोखंडी नट बांधावा आणि खिळ्यापासून नटच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर २५ सेंटिमीटर ठेवावे. नट चार बोटे बाजूला ओढून अलगद सोडावा. जाऊन परत मूळ जागी येणे म्हणजे एक हेलकावा, आणि असे १० हेलकावे व्हायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाहावे. येथे जवळजवळ प्रत्येक घरी एक चूक होते : नट सोडतानाच मूल 'एक' म्हणते आणि प्रत्यक्षात नऊच हेलकावे मोजले जातात. सोडताना 'शून्य' म्हणायला शिकवावे. मोजणी शून्यापासून का सुरू करायची, हे एरवी समजावून सांगायला जड जाणारे तत्त्व येथे सहज पचते.

उत्तर १० सेकंदांच्या अगदी जवळ येईल. आता दोन प्रश्न विचारून अंदाज लिहून घ्यावेत. दोन नट बांधले तर हेलकावे भरभर होतील का? दोरा १०० सेंटिमीटरचा केला तर १० हेलकाव्यांना किती वेळ लागेल? पहिल्या प्रश्नाला बहुतेक मुले आणि बरेचसे बाबा 'हो' म्हणतात, परंतु वजनाने काहीच फरक पडत नाही. दुसरा नट पहिल्याच्या खाली न लटकवता शेजारी बांधण्याची काळजी तेवढी घ्यावी, नाहीतर लांबीच वाढते आणि निष्कर्ष बिघडतो. दुसऱ्या प्रश्नाला '४० सेकंद' असे उत्तर हमखास येते, कारण दोरा चौपट झालेला असतो. प्रत्यक्षात २० सेकंद लागतात. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होतो. ५० सेंटिमीटरला १० हेलकाव्यांचा वेळ १४ सेकंदांच्या किंचित वर येतो. हा फरक नीट दिसण्यासाठी २० हेलकावे मोजून निमपट करावी. सातवी-आठवीच्या मुलांना वर्गमूळ येथे डोळ्यांनी पाहायला मिळते.

हळदीचा कागद

हळद सांगलीला शिकवायची म्हणजे धाडसच. हळद साठवायची हरिपूरची जमिनीखालची पेवे, मार्केट यार्डातले सौदे आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला मिळालेले भौगोलिक मानांकन या गोष्टी येथल्या मुलांच्या कानांवर असतात, परंतु हीच हळद रसायनशास्त्रात दर्शक म्हणून, म्हणजे रंग बदलून पदार्थाचा गुण दाखवणारे द्रव्य म्हणून, काम करते हे त्यांनी सहसा करून पाहिलेले नसते.

हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन या द्रव्यामुळे असतो आणि ते पाण्यात फारसे विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र चांगले विरघळते. म्हणून एक चमचा हळद चार चमचे पातळ सॅनिटायझरमध्ये ढवळून दहा मिनिटे ठेवावी. जेलचे सॅनिटायझर चालत नाही, आणि हे काम मोठ्या माणसाने गॅसपासून दूर बसून करावे, कारण स्पिरिट पेट घेते. वर आलेल्या पिवळ्या द्रावणात टीपकागदाच्या किंवा जाड चित्रकलेच्या कागदाच्या पट्ट्या बुडवून त्या सावलीत वाळवाव्यात. उन्हात वाळवल्यास रंग फिका पडतो. सॅनिटायझर नसेल तर हळद पाण्यात कालवून कागदावर फासली तरी काम भागते, फक्त रंग एकसारखा बसत नाही.

मग लहान वाट्यांमध्ये लिंबाचा रस, ताक, चिंचेचे पाणी, मिठाचे पाणी, साखरेचे पाणी, खाण्याच्या सोड्याचे पाणी, अंगाच्या साबणाचे पाणी आणि चुन्याची निवळी घ्यावी. निवळीसाठी पानाच्या टपरीवरून आणलेला चिमूटभर चुना ग्लासभर पाण्यात ढवळून तासभर स्थिर ठेवावा आणि वरचे स्वच्छ पाणी मोठ्या माणसाने काढून घ्यावे. चुना डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून मुलांच्या हाती मूळ चुना देऊ नये आणि प्रयोग संपल्यावर सर्वांनी हात धुवावेत. संडास साफ करण्याची द्रावणे या प्रयोगात मुळीच आणू नयेत.

आठही वाट्यांसाठी अंदाज लिहून झाल्यावरच पट्टी बुडवावी. लिंबू सर्वांत 'जोरदार' म्हणून रंग तेथेच बदलेल असे मुलांना वाटते, परंतु लिंबू, ताक, चिंच, मीठ आणि साखर यांपैकी कशानेही पट्टीचा पिवळा रंग बदलत नाही. सोड्याच्या पाण्यात ती किंचित तांबूस होते, साबणात अधिक लालसर दिसते आणि निवळीत विटकरी लाल होते. हळद अल्कधर्मी पदार्थ ओळखते. आम्ल आणि साधे पाणी यांतला फरक तिला सांगता येत नाही. ही मर्यादा मुलांच्या लक्षात यावी म्हणून लगेच जास्वंदीची लाल पाकळी पांढऱ्या कागदावर चोळून जांभळट पट्टी करावी : ती लिंबाने गुलाबी होते आणि सोड्याने हिरवट. दोन्ही पट्ट्या जवळ असतील तर मुलाने न सांगता भरून ठेवलेल्या वाटीत काय आहे हे दुसऱ्याला ओळखता येते, आणि या खेळात दुपार कशी जाते ते कळत नाही.

शेवटचा अंदाज असा घ्यावा : लाल झालेली पट्टी पुन्हा पिवळी करता येईल का? तिच्यावर लिंबाचा थेंब टाकला की ती पिवळी होते. घरातल्या आजींना हे अर्धे ठाऊक असते, कारण वरणाचा डाग पडलेल्या शर्टावर साबण लावला की डाग लाल होतो आणि भरपूर पाण्यात खळबळल्यावर तो परत पिवळा दिसू लागतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले असते. हळदीवर अल्कधर्मी पदार्थांची प्रक्रिया करून पारंपरिक कुंकू केले जाते तेही याच गुणावर. आजींना येथे साक्षीदार म्हणून जरूर बोलवावे.

बेदाणे आणि एक हिशेब

तासगावच्या बाजूला नातेवाईक असलेल्या घरांत बेदाणे असतातच. ५० ग्रॅम बेदाणे डिजिटल काट्यावर तोलून साध्या पाण्यात आणि तितकेच दुसरे ५० ग्रॅम दाट साखरेच्या पाकात रात्रभर ठेवावेत. सकाळी दोन्ही गाळून, फडक्याने टिपून, पुन्हा तोलावेत. पाण्यातले टपोरे होऊन वजनाला स्पष्ट वाढतात, पाकातले फार कमी. बेदाण्याची साल पाणी आत येऊ देते परंतु आतली साखर सहजी बाहेर जाऊ देत नाही, आणि पाणी कमी साखरेच्या बाजूकडून जास्त साखरेच्या बाजूकडे जाते. बाहेरही दाट पाकच असला की पाण्याला आत शिरण्याचे कारण उरत नाही. टिपणे विसरल्यास वजनात सालीवरचे पाणीही मोजले जाते, एवढे सांभाळावे.

याच बेदाण्यांत एक सुरेख गणित दडलेले आहे. पिकलेल्या द्राक्षात ढोबळमानाने ८० टक्के पाणी आणि तयार बेदाण्यात सुमारे १६ टक्के पाणी धरले, तर १ किलो बेदाण्यासाठी किती किलो द्राक्षे लागतील? मुले ८० मधून १६ वजा करू लागतात आणि अडकतात. वाळताना कोरडा भाग बदलत नाही, पाणी तेवढे उडते, हे धरून चालायचे. १ किलो बेदाण्यात ८४० ग्रॅम कोरडा भाग असतो. द्राक्षात तो शेकडा २०, म्हणजे ८४० ग्रॅमसाठी ४,२०० ग्रॅम द्राक्षे हवीत. बेदाण्याच्या शेडवर कोणालाही विचारावे, 'चार किलोला एक किलो' हेच उत्तर मिळते.

गच्चीवरची सावली

या प्रयोगाला दिवसातला थोडा वेळ आणि वर्षातले पुष्कळ दिवस लागतात, आणि मला स्वतःला तो सर्वांत आवडतो. वाळूने भरलेल्या कुंडीत १०० सेंटिमीटर काठी वर राहील अशी सरळ रोवावी. ती खरोखर उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी पहिल्या प्रयोगातला नट लावलेला दोरा गवंड्याच्या ओळंब्यासारखा तिच्याशेजारी धरावा, तोही दोन बाजूंनी. काठीभोवती गच्चीवर खडूने एक मोठे वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक बाहेरून आत येताना वर्तुळाला जेथे स्पर्श करते तेथे खूण करावी, आणि दुपारी ते आतून बाहेर जाताना जेथे स्पर्श करते तेथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम असते आणि तिच्या मध्यातून काठीच्या बुंध्याकडे जाणारी रेघ दक्षिणोत्तर. पूर्वी यज्ञवेदीची दिशा ठरवण्यासाठी हीच रीत वापरत. मोबाइलमधल्या होकायंत्राशी ती ताडून पाहावी. गच्चीच्या स्लॅबमधल्या लोखंडामुळे मोबाइलच चुकत असल्याचे पुष्कळदा आढळते.

मधल्या वेळात ११:४५ पासून १:१५ पर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीची लांबी मोजावी. सावली सर्वांत आखूड किती वाजता होईल याचा अंदाज सगळेजण '१२ वाजता' असाच लिहितात. सांगलीत तसे वर्षातून एकदाही होत नाही. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेनुसार चालते आणि सांगली सुमारे ७४.५ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने सूर्य आपल्याकडे ३२ मिनिटे उशिरा माथ्याच्या रेषेवर येतो. पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि तिच्या कललेल्या अक्षामुळे यात आणखी थोडी भर-घट होते, म्हणून नोव्हेंबरच्या आरंभी सावली १२:१६ च्या सुमारास सर्वांत आखूड असते तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४६ च्या सुमारास. नेमक्या त्या क्षणी लांबी फारच हळू बदलते, तेव्हा एका मापावर विसंबू नये; सगळी मापे आलेखावर मांडून वक्राचा तळ कोठे येतो ते पाहावे.

हीच काठी महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच तारखेला, मांडत राहावे. २२ डिसेंबरच्या सुमारास सांगलीत माध्यान्हीची सावली उत्तरेकडे सुमारे ८५ सेंटिमीटर पडते आणि २१ मार्चला सुमारे ३० सेंटिमीटर. ७ मेच्या आसपास ती काठीच्या बुंध्यातच नाहीशी होते, त्या दिवशी मुलांनी दुपारी साडेबाराच्या थोडे आधीच गच्चीवर हजर राहावे. त्यानंतरचे तीन महिने माध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते, २१ जूनला सुमारे १२ सेंटिमीटर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ मोकळे मिळणे नशिबाचा भाग आहे. या सर्व प्रयोगात सूर्याकडे थेट पाहायचे नाही. आपले काम जमिनीवरच्या सावलीशी आहे, हे दर वेळी बजावावे. साताऱ्याच्या वाचकांना शून्य सावली तीन-चार दिवस नंतर, १० मेच्या पुढे, मिळेल, कारण सातारा आपल्यापेक्षा जवळजवळ एक अंश उत्तरेला आहे.

मोजायला काठी आणि सावली हाताशी आहेच, तर परसातल्या नारळाची उंची त्रैराशिकाने काढून घ्यावी. काठीची आणि नारळाची सावली एकाच वेळी मोजावी लागते, एवढेच पथ्य.

वर्तुळाचे जुने काम येथे दोन ओळींत सांगतो : बांगडी, ताट, पिंप आणि सायकलचे चाक यांचा परीघ दोऱ्याने आणि व्यास पट्टीने मोजून भागाकार करावा, ३.१४ च्या जवळपासचा आकडा येतो आणि वस्तू जितकी मोठी तितका तो सहसा अधिक जवळ येतो. भाकरी घेऊ नये. कडा कधीच गोल नसते आणि करणाऱ्याला राग येतो.

पाऊस, कोयना आणि आयर्विन पूल

जूनच्या आधी एक पर्जन्यमापक करून ठेवावा. सरळ भिंतींची दोन लिटरची बाटली घेऊन तिचा वरचा निमुळता भाग मोठ्या माणसाने कापावा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवावा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून भिंती सरळ सुरू होतात तेथपर्यंत पाणी भरून तेथे शून्याची खूण करावी आणि वर पट्टीने मिलिमीटर आखावेत. वाऱ्याने पडू नये यासाठी बाटली विटांच्या आधाराने, भिंती आणि झाडे यांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावी. हवामान खाते पावसाची दैनिक नोंद सकाळी साडेआठला घेते. आपणही तीच वेळ पाळावी म्हणजे वर्तमानपत्रातल्या आकड्याशी तुलना करता येते. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्यापर्यंत आणावे.

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे समीकरण मुलांनी स्वतः करून पटवून घ्यावे. १० मीटर लांब व ६ मीटर रुंद गच्चीवर २० मिलिमीटर पाऊस झाला तर १,२०० लिटर पाणी पडले, म्हणजे घरावरची ५०० लिटरची टाकी दोनदा भरून वर २०० लिटर उरले.

पावसाळ्यात सांगलीच्या प्रत्येक घरात दोन शब्द रोज ऐकू येतात, क्युसेक आणि टीएमसी, आणि ते म्हणजे नेमके किती हे मोठ्यांनाही क्वचितच सांगता येते. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, सुमारे २८.३ लिटर, या वेगाने ५०० लिटरची टाकी १८ सेकंदांच्या आत भरते. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, तेव्हा १ टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचे तर किती क्युसेक विसर्ग लागेल? भागाकार केल्यावर सुमारे ११,५७४ येतात. ५०,००० क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर ४.३२ टीएमसी पाणी निघून जाते, आणि कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. असा विसर्ग चालू असताना नवी आवक मुळीच नसती तर धरण किती दिवसांत रिकामे झाले असते, हा पुढचा भागाकार मुलांवर सोडावा.

येथून पुढचे काम जुलै-ऑगस्टमध्ये रोज पाच मिनिटांचे आहे. वहीच्या जोडपानावर आडव्या अक्षावर तारखा घ्याव्यात आणि उभ्या अक्षांवर एकाखाली एक तीन आलेख काढावेत : आपल्या बाटलीतला पाऊस मिलिमीटरमध्ये, कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये आणि सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फुटांत. शेवटचे दोन आकडे त्या दिवसांत वर्तमानपत्रात येतातच. पातळीच्या आलेखावर ४० फुटांना इशारा पातळीची आणि ४५ फुटांना धोका पातळीची लाल रेघ आधीच मारून ठेवावी. पहिल्याच आठवड्यात मुले विचारतात की आपल्या बाटलीत थेंब नाही आणि नदी मात्र चढते, हे कसे. तेव्हा नकाशा उघडावा : कृष्णा उगम पावते त्या महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कोयना तिला कऱ्हाडला मिळते आणि हे सगळे पाणी सांगलीच्या पुलाखालून जाते, सांगली शहराचा स्वतःचा पाऊस त्याच्या जवळपास एक दशांशच भरतो.

त्यानंतरचा अंदाज असा लिहून घ्यावा : विसर्ग वाढवल्याची बातमी आल्यापासून पुलाजवळ पाणी चढायला किती तास लागतील? उत्तर दोन आलेखांमधल्या आडव्या अंतरावर मोजायचे असते. एका पुरावर निष्कर्ष काढू नये, निदान दोन-तीन चढउतारांची अंतरे मोजून सरासरी घ्यावी, आणि त्याच दिवसांत वारणेचे पाणीही वाढलेले असेल तर तारखेशेजारी तशी टीप करावी. वारणा हरिपूरला, म्हणजे पुलाच्या खालच्या अंगाला, कृष्णेला मिळते. तरीही तिथे फुगलेले पाणी वरच्या पाण्याला वाट देत नाही, त्यामुळे पुलाजवळचा आकडा विसर्ग न वाढताही चढू शकतो. पाणी पाहायला मुलांना नदीकाठी न्यावे लागत नाही. वही, पट्टी आणि सकाळचे वर्तमानपत्र पुरते.